प्रकरण चौदावे : फुफूची चटई

हफ्साला मुरुडला येऊन पंधरवडा उलटला नाही, तोच तिच्या नावाच्या तक्रारी तैयबाच्या चुलीपाशी रांग लावून उभ्या राहिल्या. या घरात तक्रार कुणाचीही असो, ती आधी स्वयंपाकघरात येते. हुकूम मात्र बाहेर पडवीत सुटतात. तैयबाला इतक्या वर्षांत याची सवय झाली होती. ती तक्रार ऐकता ऐकता कांदा चिरायची, म्हणजे डोळ्यांत पाणी आलं तरी कुणाला काही वाटायचं नाही.

पहिली तक्रार थोरल्या भावाची, नजमुद्दीनची. वाडीतल्या लॉजच्या खोल्यांना चुना लागत होता, तिथून तो हात पांढरे घेऊन तडक आत आला.

"तैयबा, पोरगी मुकी झाली काय? चा घेशील विचारलं तर भुवया उडवते. जेवलीस विचारलं तर भुवया उडवते. आता सांगितलं, तुझा बाप शुक्रवारी येतोय, तर त्याला पण भुवया! माझ्यासमोर आजवर कुणी भुवई उडवलेली न्हाय."

"उडवली असती तरी तुमाला कळली असती काय, भाईजान? तुमी बोलता तेव्हा आमी सगळी खालीच बघतो."

बहिणीने टोमणा मारला की खरं सांगितलं, हे नजमुद्दीनला कधीच ठरवता यायचं नाही. तो माठातलं पाणी पिऊन निघून गेला.

दुसरी तक्रार त्याच्या बायकोची, खैरूनची. ती आली तीच कमरेवर हात ठेवून.

"माझ्या फहादच्या अंगाला वास मारतो काय ग? तो खोलीत आला की तुझी हफ्सा उठून जाते. रोज बघतेय मी. तो टीव्ही लावतो, ती उठते. तो जेवायला बसतो, ती ताट घेऊन मागल्या दारी. सख्खा चुलतभाऊ हाय तिचा! आणि चार बायका बसल्या असल्या की त्यांच्या पुढनं कंबरेत वाकून जाते, तोंडानं कायतरी पुटपुटते. कालच शेजारच्या दुल्हनबीने विचारलं, पोरीच्या पाठीत लचक भरलीय काय. पाच वर्षं त्या बेटावर राहून पार जंगली झाली."

खैरून रागावली की हफ्सा 'तुझी' होत असे. एरवी, म्हणजे पाहुण्यांसमोर तिची इंग्रजी ऐकवायची असली की, ती 'आमची' असायची.

तैयबाने कांदा बाजूला सारला आणि म्हणाली, "विचारते मी तिला." तिला पोरीचा राग येत नव्हता. खरं सांगायचं तर तिला ती उडवलेल्या भुवयांची, दोन वेण्या घातलेली, कमरेत वाकून चालणारी पोर इतकी आवडत होती की छातीत दुखायचं.

आई गेली तेव्हा हफ्सा आठ वर्षांची होती. तिचा बाप, तैयबाचा धाकटा भाऊ मुझम्मिल, तेव्हा मस्कतला. पोर तैयबाच्या कुशीत झोपू लागली, तिच्या हातचं जेवू लागली. तैयबाला नवऱ्याचं सुख जेमतेम लाभलं, मूल झालंच नाही, आणि अल्लाने असं उशिरा दिलं म्हणून ती रोज शुक्र अदा करायची. मग मस्कतची नोकरी सुटली. मासळीच्या शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करायचं काम मुझम्मिलला मिळालं ते टोंगा नावाच्या देशात. पृथ्वीच्या गोळ्यावर फहादने बोट ठेवून दाखवलं, तर बोटाखाली तो देश दिसेनासा झाला. तिथे तो पोरीला घेऊन गेला. पुढे जगभर दारं बंद झाली, विमानं थांबली. त्यातच तिथल्या समुद्रात ज्वालामुखी फुटला, फोन तुटले, आणि बापलेकीची काही खबर येईना. त्या दिवसांत तैयबाने तसबीचे मणी इतके ओढले की दोरा तुटला. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं की पोर एकदा हाताला लागली की परत सोडायची नाही.

म्हणून हफ्सा सुट्टीला येणार कळताच तिनेच नजमुद्दीनच्या मागे लकडा लावला होता. पोरीला इथेच ठेवून घ्या, जूनपासून इथल्या कॉलेजात घाला. आयुष्यात तिने भावाकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. नजमुद्दीन प्रिन्सिपॉलशी बोलूनही आला. अक्साच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या मंगनीसाठी मुझम्मिल येईल, मंगनी झाली की त्याला सांगायचं, असं ठरलं होतं. हफ्साला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती आपली फुफूच्या, म्हणजे या आत्याच्या, मागे मागे फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हफ्सा नारळ खवायला बसली. खवणीच्या पाटावर घोड्यावर बसावं तसे दोन्हीकडे पाय टाकून.

"अग, नीट बस! कुणी बघितलं तर?"

"तिथे असंच बसतात, फुफू. पण मुली नाही बसत, मुलगेच बसतात. नारळ खवायचं, चूल पेटवायचं काम मुलग्यांचं. रविवारी पहाटे सगळे मुलगे खड्ड्यात दगड तापवतात, त्यावर अळूच्या पानात नारळाचं दूध आणि मासे बांधून पुरतात, वरनं माती. मग सगळे चर्चला. आले की जेवण तयार."

"म्हणजे पोपटीच की! मडक्याच्या जागी खड्डा."

"पोपटीच. शेजारची लुपे आमच्या पुड्या वेगळ्या बांधते, वेगळ्या कोपऱ्यात ठेवते. डुकराचं काही लागू देत नाही. डुकरं तिथे दारात असतात ग, आपल्याकडे कोंबड्या असतात तशी. ओहोटी लागली की समुद्रात उतरून शिंपले खातात."

"तौबा! डुकरं मासेमारी करतात?"

हफ्साने हसत भुवया उडवल्या.

"हेच! हेच काय ते?" तैयबाने चमचा रोखला. "भाईजान चिडलेत तुझ्यावर. या भुवयांचं काय करतेस?"

"हो म्हणते ना मी." पोरगी चकित झाली. "तिथे सगळे असंच हो म्हणतात. टीचर विचारतात, होमवर्क झालं? वर्गभर भुवया. मोठ्या अब्बांना राग आला? मला कळलंच नाही की मी उडवते."

तैयबाला हसू आवरेना. मग तिने फहादचं विचारलं. हफ्सा गंभीर झाली. तिथे चुलतभाऊ म्हणजे भाऊच. बहीण मोठी झाली की भाऊ तिच्याबरोबर एका खोलीत टीव्ही बघत बसत नाही, तिच्यासमोर वेडंवाकडं बोलत नाही. ती आली की तो उठतो. बहिणीची इज्जत म्हणून.

"फहाददादा उठतच नाही ग. मग मला उठावं लागतं."

"आणि वाकून काय चालतेस?"

"मोठ्यांच्या पुढून ताठ जायचं नसतं. तुलोऊ म्हणायचं. म्हणजे, माफ करा, मध्ये येतेय."

तैयबाच्या लक्षात आलं, खैरूनने जिला जंगली म्हटलं, ती पोर घरभर सगळ्यांना इज्जत वाटत फिरत होती आणि घ्यायला कुणाला जमत नव्हतं.

हफ्सा बोलतच होती. तिला विचारावं लागत नसे. पहाटे कोंबड्याच्या आधी चर्चची घंटा उठवते, अब्बा त्याच घंटेवर फजरला उठतात. शाळेत दोन वेण्या आणि रिबिनी सक्तीच्या. सकाळच्या प्रार्थनेला सगळे इतकं सुंदर गातात की ती गात नाही पण पाय ताल धरतात, चालेल ना फुफू? मुली समुद्रात जातात त्या अंगभर कपड्यानिशी. रविवारी दुकान बंद, पोहणं बंद, कपडे वाळत घालणंसुद्धा बंद. शाळा सुटली की ती लुपेबरोबर बायकांच्या हॉलमध्ये जाते. तिथे बायका ओळीने बसून केवड्याच्या पानांच्या चटया विणतात आणि गावभरच्या कुचाळक्या करतात.

"म्हणजे बायका सगळीकडे सारख्याच," तैयबा म्हणाली. पण लुपे हे नाव ऐकलं की तिच्या पोटात बारीकसा चिमटा बसायचा. ही कोण शेजारीण, जी तिच्या पोरीच्या वेण्या घालते?

तेवढ्यात हफ्साचा फोन वाजला आणि लुपेच पडद्यावर आली. चांगली ऐसपैस बाई, कानामागे फूल, हसली की सगळा पडदा भरून जायचा. तिकडे संध्याकाळ होती. तिने फोन फिरवून हॉल दाखवला. जमिनीवर एक अर्धी विणलेली चटई होती. तिच्या एका कडेला पानं मोकळी सुटलेली होती आणि त्यांवर एक काळा दगड ठेवला होता.

"ती माझी जागा," हफ्सा म्हणाली. "बाकीच्या पुढे गेल्या नाहीत बघ. मी आले की पुढे."

लुपे तैयबाकडे बघून काहीतरी लांबलचक बोलली. हफ्सा लाजली.

"काय म्हणते?"

"म्हणते, तुमची मुलगी मला उसनी दिलीत, त्याबद्दल आभार."

उसनी! तैयबाच्या मनात आलं, मी कुठे दिली? ओढून नेली. पण त्या फूलवालीच्या डोळ्यांत कुठलाच डाव नव्हता. तैयबाने तिला सलाम केला. लुपेने भुवया उडवल्या.

फोन ठेवल्यावर हफ्सा खोबऱ्याची वाटी हातात तशीच धरून म्हणाली, "फुफू, तिथे बापाची बहीण सगळ्यात मोठी असते, माहीत आहे? मेहेकितंगा म्हणतात तिला. लग्न असो, मयत असो, ती सगळ्यांच्या पुढे बसते. उत्तम चटई तिची. तिला हवं ते मागता येतं, भावाच्या घरात कुणी नाही म्हणत नाही. लुपेने विचारलं, तुला आहे का तशी? म्हटलं, आहे. कुठे बसते? म्हटलं, स्वयंपाकघरात. तिला वाटलं मी चेष्टा करतेय."

"तिला सांग, इथनंच घर चालतं," तैयबा म्हणाली आणि उगाच डाळीत पळी फिरवली.

फहादला तिने सगळं समजावलं. लॉजच्या बुकिंगांत बुडालेलं ते एकोणीस वर्षांचं पोर आधी खो खो हसलं, मग खूश झालं. आजवर घरात इज्जत त्याला कुणी दिलीच नव्हती. तेव्हापासून तो दारात मोठ्याने खाकरायचा, "सिस्टर आत आहे का?" विचारायचा आणि असली तर रिमोट ठेवून राजासारखा परत फिरायचा. खैरूनला ते खाकरणं ऐकून वाटलं, पोराला सर्दी झाली.

उरला प्रश्न चटईचा. हफ्साने येताना चटईची एक लांबलचक गुंडाळी आणली होती, ती कपाटावर होती आणि पोरगी ती कुणाला सोडू देत नव्हती. चारचौघांसमोरच द्यायची असते, म्हणायची. खैरूनने मनाशी हिशेब केला की चारचौघं म्हणजे मंगनी, आणि मंगनी म्हणजे अक्सा. तिने चौलच्या व्याह्यांना फोनवर सांगूनही टाकलं की आमच्या अक्साच्या जहेजासाठी परदेशातून खास चटई आलीय.

मंगनी रविवारी होती. मुझम्मिल दोन दिवस आधी येऊन पोचला. उन्हाने रापलेला, पोट थोडं सुटलेला, आल्या आल्या बहिणीच्या गळ्यात पडला आणि आधी स्वयंपाकघरातच जेवायला बसला. वाडीत नारळींच्या सावलीत मांडव घातला होता. चौलचे पाहुणे आले, खुर्च्या भरल्या, बायकांच्या बाजूला गालिचा पडला. मध्ये नटलेली अक्सा. तिच्यासमोर गोडाच्या घासाचं तबक, आणि तो पहिला घास घरातल्या मोठ्या बाईने भरवायचा म्हणून नव्या हिरव्या साडीत खैरून.

तैयबा मागे सांदणांच्या मोदकपात्रावर होती. हात तांदळाच्या पिठाने भरलेले, ओढणी कमरेला खोचलेली. तिला मांडवातला फक्त आवाज येत होता. तोच हफ्सा मागल्या दाराने आत आली. नव्या सलवार-कमीजवर तिने, बेटावर मानाच्या दिवशी बांधतात तशी, कमरेला विणलेल्या पानांची झालर बांधली होती.

"फुफू, चल."

"कुठं? पाणी आटलं तर सांदणं करपतील!"

"फहाददादा बघेल. मुलग्यांचं काम आहे ते." आणि खरंच दारात फहाद खाकरला, आत आला आणि झाकण हातात घेऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हौतात्म्याची कळा होती.

पोरीने हाताला धरून तिला ओढत नेलं. हात धुवायलासुद्धा वेळ दिला नाही. मांडवात सगळ्यांच्या पुढे, अक्साच्याही पुढे, हफ्साने ती गुंडाळी सोडली. सोनेरी, मऊ, कापडासारखी पडणारी चटई. तिला धुराचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता. कंबरेत वाकून, "तुलोऊ, तुलोऊ" करत ती सगळ्या बायकांच्या पुढून गेली आणि तैयबाला खांद्याला धरून चटईवर बसवलं. मग तबक उचललं आणि तिच्यासमोर ठेवलं.

नजमुद्दीनच्या मानेवरची शीर तटतटली. खैरूनचा चेहरा साडीपेक्षा हिरवा झाला. मुझम्मिल मान खाली घालून बसला होता. त्याला हे कळत होतं, पण समजावून कुठून सांगायचं ते कळत नव्हतं.

चौलची विहीणबाई पुढे वाकली. "या कोण?"

"माझी फुफू," हफ्सा खणखणीत आवाजात म्हणाली. "अब्बांची आणि मोठ्या अब्बांची बहीण. आम्ही राहतो तिथे सगळ्यांत मोठा मान बापाच्या बहिणीचा. ही चटई आम्ही तिच्यासाठी विणली. हा कडेचा पट्टा मी विणलाय, म्हणून वाकडा आहे."

तैयबाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि चटईसकट आपण आत जावं. पिठाचे हात कुठे लपवावेत कळेना. तिने कडेकडे पाहिलं. पट्टा खरंच वाकडा होता, आणि त्या वाकड्या विणीवरून तिने बोट फिरवलं. असं कुणी तिच्यासाठी काही केलं नव्हतं, कधीच. पण समोर खैरून उभी होती, लेकीच्या मंगनीत, चार पाहुण्यांत, हात रिकामे. खैरून फटकळ होती, पण तैयबा विधवा होऊन आली त्या दिवशी स्वतःची खोली सोडून देणारीही तीच होती.

तैयबा सरकली. शेजारची जागा तिने पिठाच्या हाताने थोपटली. "भाबी, या. मी एकटी कशी बसू? पोर तुमची, घास दोघींनी भरवू."

खैरून क्षणभर घुटमळली. मग आली, बसली. दोघींनी एक घास धरला आणि अक्साला भरवला. खैरून कानात कुजबुजली, "असं पुढं बसायचं होतं तर सांगायचं तरी. कपडे तरी बदलले असतेस." पण तिचा गुडघा तैयबाच्या गुडघ्याला टेकलेला होता आणि तिने तो काढून घेतला नाही.

विहीणबाई बराच वेळ चटई चाचपत होती. शेवटी म्हणाली, "मी पण चार भावांची बहीण हाय. मला कुणी गोणपाट पण टाकलं न्हाय." त्यावर बायका अशा हसल्या की पुरुषांच्या बाजूने विचारणा झाली, काय झालं म्हणून. नजमुद्दीनची शीर खाली बसली.

पाहुणे असरच्या नमाजेपर्यंत गेले. सांदणं थोडी करपली होती, पण कुणी बोललं नाही. ऊन उतरल्यावर वाडीच्या टोकाला फहादने पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाल्याची कोंबडी, आणि मडकं उपडं घालून भोवती पेंढा. हफ्साकडून भुवयांपासून चुलीपर्यंत बेटाच्या साऱ्या रीती ऐकून घेऊन खैरूनने हुकूम सोडला होता की यापुढे चूल पोरगेच पेटवतील, बेटावर तशीच रीत हाय. मगरीबची नमाज झाली आणि घरातली माणसं जाळाभोवती बसली. हफ्साने फुफूची चटई आणून टाकली, तैयबाला त्यावर बसवलं, स्वतः खाली मातीत बसली.

नजमुद्दीनने घसा साफ केला.

"मुझम्मिल, आता एक बोलायचंय. तू जा तुझ्या कामावर. हफ्सा इथं राहील. जूनपासून अकरावी. प्रिन्सिपॉलशी बोललोय मी. तू दिवसभर त्या शीतगृहात, पोर शेजारणीच्या भरवशावर, उद्या परत समुद्रात काय फुटलं तर? आई नसलेली पोर हाय ती."

मुझम्मिल जाळाकडे बघत राहिला. "तुमी म्हणता ते खोटं न्हाय, भाईजान," तो म्हणाला. मग एक काटकी जाळात सारून, "घर खायला उठेल मला, पण ते माझं झालं."

"अहो, पोरीला विचारा तरी," खैरून मध्येच म्हणाली.

नजमुद्दीनने बायकोकडे वळून पाहिलं. "सकाळपर्यंत तूच तिला जंगली म्हणत होतीस."

"सकाळ गेली. आता सांज हाय."

सगळे हफ्साकडे बघू लागले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "मला परत जायचंय, मोठे अब्बा. माझी शाळा आहे, माझी चटई अर्धी आहे. पण तिथे असं काही ठरवायचं असलं की मेहेकितंगाला विचारतात, आणि ती म्हणेल ते सगळे ऐकतात. तुम्ही फुफूला विचारा. ती राहा म्हणाली तर मी राहीन. रडणार पण नाही."

नजमुद्दीन मोकळा हसला. त्याच्या डोक्यावरचा भार कुणी तरी उचलल्यासारखा. "विचारू की! तिलाच विचारू. तैयबा, सांग बाई तुझ्या तोंडाने."

एकच शब्द बोलायचा होता. राहा. एवढं म्हटलं की झालं. भाऊ तिच्या बाजूला, रीत तिच्या बाजूला, पोरगी स्वतः मान तुकवून बसलेली. पाच वर्षं तिने अल्लाकडे हेच मागितलं होतं. तिने हफ्साकडे पाहिलं. पोर तिच्याकडे इतक्या भरवशाने बघत होती, जणू फुफूच्या तोंडून तिच्या वाईटाचं काही निघूच शकत नाही. तो भरवसाच तैयबाला सोसेना.

"भाईजानवर रागावू नकोस," ती म्हणाली. "हे त्यांनी आपल्या मनानं काढलेलं न्हाय. मी मागे लागले त्यांच्या."

"तू, फुफू?"

"व्हय, मी. तुमचे फोन बंद होते तेव्हा इथं मी कशी जगले ते माझं मला ठाऊक. म्हटलं, आता हातची सोडायची न्हाय. तुला विचारलं न्हाय. मला पण या घरात कुणी कधी विचारलं न्हाय, मग मला तरी विचारायचं कसं सुचणार?"

जाळात एक शेंग फुटली. नजमुद्दीनने मान खाली घातली. हफ्सा मातीतून सरकत चटईच्या कडेशी आली आणि हळूच म्हणाली, "मग राहते मी." या वेळी तिच्या भुवया हलल्या नाहीत.

"थांब. माझं झालं न्हाय." तैयबाने तिचा हात धरला. "मला हवं ते मागता येतं ना? कुणी न्हाय म्हणत न्हाय ना?"

"नाही म्हणत."

"मग मी मागते. तुझी ती अर्धी चटई मला पुरी करून हवीय. कडा सरळ पायजे, अशी वाकडी चालणार न्हाय. शाळा पुरी करायची. आणि दर वर्षी पोपटीला इथं यायचं, बापाला घेऊन. त्या लुपेला सांग, पोर उसनी दिलीय. ती ओढून नेली न्हाय कुणी, मी दिलीय."

हफ्साने तिच्या मांडीत तोंड खुपसलं. रडणार नाही म्हटलेली पोर अशी हुंदके देऊन रडली की मुझम्मिलला डोळे पुसायला धुराचं निमित्त पुरलं नाही. खैरून पदराने नाक पुसत म्हणत होती, "धूर किती झालाय, फहाद, जरा वारा बघून लावायची."

नजमुद्दीन मात्र बहिणीकडे रोखून बघत होता. तिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती आणि तीही आता ती परत करत होती. त्याचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

"तैयबा, नीट विचार कर. मी प्रिन्सिपॉलला अजून काय कळवलेलं न्हाय. जाऊ दे म्हणतेस? नक्की?"

तैयबाला 'व्हय' म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण शब्द काही येईना. पोरीच्या दोन वेण्यांवर तिचा हात फिरत राहिला. मग तिने भावाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं आणि दोन्ही भुवया उडवल्या.

नजमुद्दीन गोंधळला. "म्हणजे काय? तोंडानं बोल की!"

"हो म्हणतेय ती," खैरून म्हणाली. "एवढं पण कळत न्हाय तुमाला?"